चौक दिसतो, कर्ज दिसत नाही : डहाणू-तलासरीची सहल कुणाच्या इतिहासाची?

सुट्ट्या लागल्या की मोबाईलवर याद्या फिरू लागतात. "कुटुंबासह डहाणूला काय पाहाल?" यादी ठरलेली असते. डहाणूचा समुद्रकिनारा, बोर्डीचा किनारा, घोलवडच्या चिकूवाड्या, किल्ला, विवळवेढ्याची महालक्ष्मी, बारडाचा डोंगर आणि त्यावरची पारशांची बहरोट लेणी, आणि शेवटी 'वारली संस्कृतीचा अनुभव'. म्हणजे एखाद्या रिसॉर्टच्या अंगणात शनिवारी संध्याकाळी तारपा वाजणार, पाहुणे गोल धरून नाचणार, मुलांना अर्ध्या तासात वारली चित्र काढायला शिकवणार.

या यादीबद्दल आमची तक्रार अशी नाही की तिथे जाऊ नये. जरूर जावे. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि मुंबईतल्या आपल्या वस्त्यांमधल्या कुटुंबांनाही समुद्राकाठचा एक दिवस परवडू लागला. सहल म्हणजे चैन, चळवळीतल्या माणसाने सहलीला जाऊ नये, असे मानणारे काही जुने कार्यकर्ते आहेत. आम्हाला ते पटत नाही. आपल्या आईबापांनी आयुष्यात चैत्यभूमी, दीक्षाभूमी आणि नातेवाइकांची लग्ने सोडून प्रवास केला नाही. त्यांच्या नातवंडांनी वाळूत खेळावे, चिकू खावेत, यात गैर काही नाही.

आमचा प्रश्न यादीत काय नाही याबद्दल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे नऊ आदिवासी आहेत. डहाणूतही आदिवासीच बहुसंख्य. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी. एवढी माणसे जिथे राहतात, तिथल्या सहलीच्या यादीत ती माणसे फक्त भिंतीवर आणि नाचात का दिसतात? आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही यादीत १९४५ साल का नाही?

आधी भिंतीबद्दल बोलू. एका रिसॉर्टवर आम्ही काही तरुण-तरुणींसोबत चहाला थांबलो होतो. जेवणाच्या दालनात पूर्ण भिंतभर वारली चित्र. माहिती सांगणारा गृहस्थ म्हणाला, "हे निसर्गाशी एकरूप झालेले आनंदी लोक आहेत, यांना कसली चिंता नसते." चहा आणून देणारा मुलगा तिथलाच, आदिवासी. आमच्यातल्या एकीने त्याला विचारले, "दादा, हे काय काढलंय?" तो म्हणाला, "लगीन हाय." एवढेच बोलून तो कपबशा उचलून गेला.

त्या मुलाचे उत्तर बरोबर होते. वारली चित्राचे मूळ लग्नात आहे. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला जातो, चौकाच्या मधे पालघट देवी. तो काढतात सवाशिणी, आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. जिथे लग्न लावायला भटजी लागत नाही आणि लग्नाची गाणी बाई म्हणते, त्या समाजाला 'मागास' म्हणणाऱ्यांनी आपापल्या घरातली लग्ने आठवावीत. (आपल्यातही बौद्ध पद्धतीने लग्न लावून मागच्या दाराने मुहूर्त काढणारे आहेत, त्यांनीही आठवावीत.) १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींसारख्या माणसांनी कागद आणि रंग खेड्यापाड्यांत नेले, ही चित्रे भिंतीवरून कागदावर उतरली, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगाला माहीत झाले. १९८९ साली पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. जपानमध्ये निगाता प्रांतातल्या तोकामाची इथे मिथिला आणि वारली चित्रांचे एक संग्रहालयच आहे. म्हणजे वारली चित्र पाहायला माणूस जपानला जाऊ शकतो. बाईच्या हातातली कला बाजारात आली तशी नावे मात्र पुरुषांची झाली, यावर वेगळा लेख होईल.

आता याच लग्नाची दुसरी बाजू. लग्नाला पैसा लागतो. पैसा वारल्याकडे नसे. तो जमीनदार-सावकाराकडून उचल घेई. ती फेडायला नवरा-बायको दोघांनी त्या जमीनदाराकडे राबायचे. मजुरी पोटापुरतीसुद्धा नाही, त्यामुळे कर्ज फिटायचा प्रश्न नाही. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वही वाचता येत नाही. माणूस आयुष्यभर बांधलेला, त्याच्यामागे त्याची मुले बांधलेली. या माणसाला नाव होते : लग्नगडी. लग्न केले म्हणून गुलाम झालेला. शिवाय वेठ वेगळी. जमीनदाराने बोलावले की स्वतःचे शेत टाकून फुकट राबायला जायचे, आणि बायकांच्या अब्रूचे तर बोलायलाच नको. हे आम्ही रंगवून सांगत नाही. १९३० च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात ही गुलामी नोंदवलेली आहे. सरकारला ठाऊक होते. पुढची काही वर्षे सरकारने काय केले, हे पुढे जे घडले त्यावरूनच कळते.

म्हणजे पर्यटक भिंतीवर जो चौक पाहतो, फोटो काढतो, कुशनच्या अभ्र्यावर विकत घेतो, तो त्याच लग्नाचा आहे ज्या लग्नाने माणूस गहाण पडत होता. चौक दिसतो, कर्ज दिसत नाही. आनंद ठेवला, हिशेबाची वही काढून टाकली. कोणत्याही समाजाची संस्कृती त्याच्या शोषणापासून सोलून वेगळी काढली की ती विकायला सोपी जाते. आपल्या बाबतीतही तेच झाले. तमाशा, ढोलकी, हलगी यांचे कौतुक झाले आणि वाजवणारा गावकुसाबाहेर राहिला.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली गेले, बोलले. त्यानंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात उतरले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारली जमले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरी तालुक्यात आहे. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. रोजाला बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवायचा नाही. लग्नगडी मुक्त. मग पावसाळ्यानंतर गवत कापणीचा संप आला : पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये हवेत. या भागातले गवत मुंबईला जात असे, म्हणून जमीनदार आणि व्यापारी खवळले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. त्यांतल्या जेठ्या गांगडचे नाव आज निदान चळवळीतल्या लोकांना माहीत आहे. उरलेल्या चौघांची नावे आपल्यातल्या किती जणांना सांगता येतील?

गोदावरीबाईंनी हे सगळे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले. १९७० साली ते आले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एम. एन. श्रीनिवास शिकवले, संस्कृतीकरण शिकवले. हे पुस्तक कुणी नेमले नव्हते. ज्यांनी वाचले नाही त्यांनी डहाणूच्या लोकलमध्ये वाचावे. जाता-येता बरेच संपेल.

इथे आपल्यातला एखादा म्हणेल, "हा लाल बावट्याचा इतिहास आहे, आपला काय संबंध?" हे वाक्य आम्ही कार्यकर्त्यांच्या शिबिरांत ऐकले आहे. म्हणून संबंध सांगतो. हेच शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून मुंबई विधिमंडळात गेले होते. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, त्यात बाबासाहेबांसोबत परुळेकर होते. म्हणजे कोकणातल्या खोताविरुद्ध लढण्याचे धडे ज्याने निळ्या बाजूने गिरवले, तोच माणूस सात वर्षांनी झरीला पोचला. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, का झाल्या हे आपल्याला ठाऊक आहे, आणि कम्युनिस्टांनी जातीकडे कशी पाठ फिरवली यावरचे आपले मतभेद आजही तसेच आहेत. पण मतभेद आहेत म्हणून इतिहासातली सात वर्षे खोडता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला आपल्यातले बरेच जण कचरतात. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नावरची आपली योजना मांडली. त्यात प्रतिनिधित्वाच्या वाटणीत आदिवासींना धरलेले नाही. राजकीय संधीचा उपयोग करून घेण्याइतकी राजकीय जाणीव त्यांच्यात अजून आलेली नाही, असे कारण त्यांनी दिले आणि त्यांच्यासाठी वेगळा वैधानिक आयोग सुचवला. हे भाषण झाल्यावर सतराव्या दिवशी झरीची परिषद झाली. निरक्षर वारल्यांनी मजुरीचा दर ठरवला, वेठ नाकारली आणि ते निभावून दाखवले. बाबासाहेबांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. विरोधक हे वाक्य संदर्भातून उचलून आदिवासी आणि आपल्यात भांडण लावायला वापरतात, तेव्हा आपल्या तरुणांकडे उत्तर नसते, कारण त्यांनी ना ते भाषण वाचलेले असते ना झरी पाहिलेली असते. माणसाने मांडलेल्या मताला पुढच्या घटनेने उत्तर दिले, तर ते उत्तर वाचावे. बाबासाहेबांनीच आपल्याला ग्रंथप्रामाण्य नाकारायला शिकवले. आणि पाचच वर्षांत जे संविधान लागू झाले त्यात पाचवी अनुसूची आहे, हेही त्याच वाचनात आले पाहिजे. डहाणू-तलासरी त्या अनुसूचीखाली येतात.

झरीपासून फार लांब नाही, सरहद्द ओलांडली की संजाण लागते. इराणातून आलेले पारशी तिथे उतरले, त्याची आठवण म्हणून १९२० साली त्यांनी स्तंभ उभा केला. थोडे पुढे उदवाडा. तिथल्या अग्यारीत बिगरपारशाला प्रवेश नाही, पण माहिती केंद्र सगळ्यांसाठी उघडे आहे. मुलांना घेऊन जा, तिथे शिकण्यासारखे बरेच आहे. हा समाज मूठभर आहे, पण हजार वर्षांपूर्वी आपण कोठे उतरलो, पवित्र अग्नी कोणत्या डोंगरात लपवला, हे त्याने दगडात आणि कागदात राखून ठेवले. १९४५ च्या लढ्यात समोरच्या बाजूला जे जमीनदार होते त्यांत पारशी-इराणीही होते, हिंदू सवर्ण सावकारही होते, मुसलमानही होते. तेव्हा कोणा एका समाजाकडे बोट दाखवून उपयोग नाही. मुद्दा साधा आहे. ज्यांच्याकडे जमीन, पैसा आणि अक्षर होते त्यांची आठवण टिकली.

जिल्ह्यातून वस्तू बाहेर जाण्याचीही जुनी सवय आहे. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला. बुद्धपौर्णिमेला आपण तिथे जातो, पण तिथे सापडलेला अशोकाचा शिलालेख पाहायचा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे लागते. खुद्द डहाणूचे नावही असेच बाहेर सापडते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ज्या नद्यांवर फुकट नावांची सोय केली त्यांत 'दाहनुका' आहे. भिक्खूसंघाला दान दिलेल्या लेण्यात डहाणूचे नाव जवळपास दोन हजार वर्षांपासून कोरलेले आहे, आणि आपण डहाणू म्हणजे चिकू समजतो. (त्याच लेखात ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्याचेही आहे. राजे दोन्हीकडे देत, हे लक्षात असू द्यावे.)

म्हणून आमची मागणी : तलासरी तालुक्यात, शक्य तर झरीलाच, १९४५ च्या उठावाचे संग्रहालय व्हावे.

यावर पहिला आक्षेप आम्हाला पाठ आहे. "ज्या जिल्ह्यात मुले कुपोषणाने मरतात तिथे संग्रहालय कशाला? आधी दवाखाना द्या." दवाखाना द्याच. पण हा आक्षेप घेणारे तोच हिशेब बंदराला लावत नाहीत. वाढवण बंदराचा खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये सांगितला गेला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघरला येऊन पायाभरणी केली. मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करत होते, डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, तरीही पैसा निघाला. बुलेट ट्रेन याच तालुक्यांतून जाते, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग याच तालुक्यांतून जातो. तेवढ्या खर्चात एका संग्रहालयाने दवाखाना बुडतो असे कुणी म्हणू नये. उलट ही घाई याच कारणामुळे आहे. रस्ता आणि रूळ जिथून जातात तिथले पाडे हलतात, आणि पाडा हलला की त्या पाड्यातल्या आठवणीही पांगतात. १९४५ मध्ये जी मुलगी पंधरा वर्षांची होती ती आज असली तर पंचाण्णवच्या पुढे आहे. तिची मुलगी सत्तरीत आहे. दहा वर्षांनी कुणाला विचारणार?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : सरकारने केले तर काय होईल? काय होईल ते आपण पाहिलेले आहे. एक मोठा पुतळा, हिरवळ, तिकीटखिडकी, आत काचेमागे लंगोटी लावलेले प्लास्टरचे आदिवासी, बाजूला पाटी, आणि पाटीवर 'वनवासी बांधव'. रांचीच्या जुन्या तुरुंगात, जिथे बिरसा मुंडांचा मृत्यू झाला, १५ नोव्हेंबर २०२१ रोजी संग्रहालय उघडले, हे चांगलेच झाले. पण तिथे शत्रू इंग्रज आहे, म्हणून ते सोपे आहे. झरीचा शत्रू इंग्रज नव्हता. तो गावातला जमीनदार होता, त्याचे वारस आजही आसपास आहेत, आणि काहींच्या वाड्यांमध्ये आज पर्यटक उतरतात. हे लिहिणारी पाटी सरकार लावील का?

मग कुणी करावे? आपल्याकडे उदाहरण आहे. नागपूरजवळच्या चिचोलीला वामनराव गोडबोल्यांनी बाबासाहेबांच्या वस्तू जपल्या. कोट, टाइपरायटर, रोजच्या वापरातल्या साध्या गोष्टी. सरकारची वाट पाहिली असती तर त्यातले किती उरले असते कुणास ठाऊक. शेजारच्या गुजरातमध्ये छोटाउदेपूरकडे तेजगढला आदिवासी अकादमीत 'वाचा' नावाचे संग्रहालय आहे, आणि तिथे आदिवासींच्या भाषेला, आवाजाला वस्तूइतकेच महत्त्व आहे. आणि केपटाऊनचे डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय पाहा. १९६६ साली गोऱ्या सरकारने ती वस्ती गोऱ्यांसाठी राखीव केली आणि साठ हजार माणसे हुसकावली. १९९४ साली संग्रहालय उघडले तेव्हा जमिनीवर जुन्या रस्त्यांचा मोठा नकाशा अंथरला, आणि हुसकावलेल्या माणसांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी स्वतःची नावे लिहिली. असा एक नकाशा तलासरीत अंथरला तर त्यावर किती पाड्यांची नावे येतील, विचार करा.

कायदाही आहे. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधने जपण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. महाराष्ट्रात पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो. सुरुवातीला एक खोली पुरे. त्यात काय असावे? एक लग्नचौक, धवलेरीने काढलेला, आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर एका लग्नगड्याचा हिशेब : उचल किती, व्याज किती, राबला किती वर्षे. गवताचा पाचशे पौंडांचा भारा, खराखुरा, पोरांना उचलून पाहता येईल असा. पाचही हुतात्म्यांची नावे, मोठ्या अक्षरांत. वारली बोलीतले आवाज. आणि पाट्या आधी वारलीत, मग मराठीत. पाट्यांचा मजकूर ग्रामसभेत वाचून मंजूर व्हावा. आपण, म्हणजे शहरातले बौद्ध कार्यकर्ते, तिथे मदतनीस आहोत. दस्तऐवज शोधणे, पुराभिलेखात खेपा घालणे, माहिती अधिकारात अर्ज टाकणे हे आपल्याला जमते, ते करावे. तिथे निळा झेंडा आधी की लाल, यावर मात्र आपण भांडायला जाऊ नये.

तोवर सहल कशी करावी? आम्ही करतो ती सांगतो. डहाणू रोडला उतरून आधी कोसबाडला जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ सालीच बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर आणले. मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखतात, तर शाळाच कुरणात न्यायची, ही कुरणशाळेची कल्पना इथली. आपल्या मुलांना ती गोष्ट फार आवडते. एकाच वर्षी, एकाच पट्ट्यात, एक बाई मजुरीचा दर शिकवत होती आणि दोघी अक्षर, हेही त्यांना सांगा. मग समुद्र, भरपूर वेळ. दुसरा दिवस असेल तर गंजाड, आणि तिथून तलासरी. तलासरीला गोदावरी शामराव परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला, आपल्या अभ्यासगटाशी त्यांची ओळख करून द्या. नंतर झरी. तिथे 'पाहण्यासारखे' फार काही नाही, म्हणून मुले कंटाळतील. त्यांना झाडाखाली बसवून बारा आण्यांची गोष्ट सांगा.

चित्र घ्यायचे तर काढणाऱ्याच्या घरून घ्या, आणि घरातल्या बाईला विचारा की लग्नाचा चौक तिला येतो का, तिच्या आईला कुणी शिकवला. कुणी म्हातारे माणूस बोलायला तयार झाले, तर आधी परवानगी घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. त्यांच्या बोलीतच बोलू द्या, मधे मराठीत दुरुस्त करू नका. नाव, पाडा, तारीख लगेच वहीत लिहा. आणि निघण्याआधी त्याची एक प्रत त्यांच्या घरातल्या शिकत्या मुलाच्या मोबाईलमध्ये टाका, कारण ती पहिली त्यांची आहे.

जयभीम! जोहार!